जामीनकी

'जामीन' म्हटलं की आता डोळ्यांसमोर कोर्ट येतं. अमक्याला जामीन मंजूर, तमक्याचा फेटाळला. पण हा शब्द मुळात माणसाचा आहे. अरबीतून फारसीत आणि तिथून आपल्याकडे आलेला 'जामीन' म्हणजे दुसऱ्याची जबाबदारी अंगावर घेणारा माणूस. मराठेशाहीतल्या कागदांत तो असाच भेटतो आणि त्याचे प्रकारही बरेच. बोलावल्यावर माणूस हजर करीन म्हणणारा तो हाजिरजामीन. पैसे बुडाले तर मी भरीन म्हणणारा मालजामीन. हा इसम यापुढे नीट वागेल अशी हमी देणारा फैलजामीन. नुसत्या जामिनावर भरवसा नसेल तर त्याच्यामागे आणखी एक उभा करायचा, तो आडजामीन. आणि ह्याचा तो, त्याचा तिसरा, असं सगळ्यांनी ओळीने एकमेकांसाठी अडकायचं, ती साखळीजामीनकी. एवढी शब्दसंपत्ती ज्या समाजाने जमवली, त्याचं या माणसावाचून किती अडत असेल बघा!

वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की निवाडा व्हायच्या आधीच दोन्ही पक्षांकडून जामीन घेत. एक हजर राहण्यासाठी आणि एक निवाडा मान्य करून तसं वागण्यासाठी. पोलीस नाहीत, बेलिफ नाही. निवाडा पाळला जायचा तो जामीन राहिलेल्या माणसाच्या गावातल्या पतीच्या जोरावर.

आता हे सगळं उकरून काढायचं कारण सांगतो. आमची लेक यंदा पुण्याला शिकायला गेली. पहिले काही महिने हॉस्टेल, मग तिथलं जेवण, मग मैत्रिणी, आणि मग ओघाने "बाबा, आम्ही चौघी मिळून फ्लॅट घेतोय." कर्वेनगरमध्ये दोन खोल्या-हॉल-स्वयंपाकघर, महिना बत्तीस हजार, म्हणजे प्रत्येकी आठ. एक जळगावची, एक चिपळूणची, एक लातूरची आणि एक आमची बोईसरची. एजंटने अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सचा मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यात शेवटून दुसरं कलम असं होतं की सही करणारा जामीनदार पालक हा चारही मुलींच्या संपूर्ण भाड्याला, वीजबिलाला आणि नुकसानभरपाईला 'एकत्रितपणे तसेच स्वतंत्रपणे' जबाबदार राहील. बत्तीस गुणिले अकरा, तीन लाख बावन्न हजार. बाकीच्या तिघींना मी तोवर बघितलंही नव्हतं.

'एकत्रितपणे तसेच स्वतंत्रपणे' हे शब्द दिसतात गुळगुळीत, पण त्यांचा अर्थ चार सह्यांपैकी कोणत्याही एकाला पकडून सगळे पैसे वसूल करता येतात असा आहे. आपला करार कायदा १८७२ चा. त्याचं १२८ वं कलम म्हणतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच. बऱ्याच लोकांची समजूत असते की आधी मूळ माणसाकडे जातील, त्याच्याकडून नाहीच निघालं तर मग आपल्याकडे येतील. तसं नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली स्पष्ट केलं की धनकोने आधी ऋणकोची दारं झिजवावीत अशी सक्ती करता येत नाही. ती केली तर जामीन घेण्याचा हेतूच संपतो. मात्र त्याच १२८ व्या कलमाच्या शेवटी 'करारात वेगळं लिहिलं नसेल तर' अशा अर्थाची एक छोटी पुस्ती आहे. सगळी मेख तिथे. वेगळं लिहिता येतं.

आमच्या घरात मात्र कलमापर्यंत जायची वेळच आली नाही. आईने (वय ८१, कान तल्लख) नुसता 'जामीन' शब्द ऐकला आणि स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "सही करायची नाही. हवे तर पैसे दे तिला."

त्याला कारण आहे. बाबा तारापूर एमआयडीसीत एका कारखान्यात होते. १९८७ च्या सुमाराला त्यांच्या पाळीतल्या एकाने कामगारांच्या पतपेढीतून बहिणीच्या लग्नासाठी आठ हजारांचं कर्ज काढलं. पतपेढीचा नियम सगळीकडे असतो तोच, दोन जामीनदार, दोघेही कायम नोकरीतले. बाबांनी सही केली. डब्यातली भाजी वाटून खाणारा माणूस, नाही कसं म्हणणार? वर्षभराने तो नोकरी सोडून मुलखात निघून गेला. सहकारी संस्थेला पगारातूनच कापून घेण्याची सोय १९६० च्या सहकार कायद्यात आहे आणि ते पुरलं नाही तर कलम १०१ चा वसुली दाखला. बाबांच्या तेराशे रुपये पगारातून दरमहा दीडशे रुपये पावणेदोन वर्षं कापले गेले. त्या दोन दिवाळ्यांना घरात नवीन कपडा आला नाही एवढंच मला आठवतं. आईला अर्थात महिन्यांसकट सगळं आठवतं. बाबा त्या माणसाबद्दल शेवटपर्यंत वाईट बोलले नाहीत. "त्याची अडचण असणार" इतकंच. तेव्हापासून आमच्याकडे आईचा कायदा चालतो. कुणाला मदत करायची तर हातात पैसे ठेवायचे आणि विसरायचं, कागदावर सही नाही.

गंमत अशी की पतपेढीतले हे दोन जामीनदार एका जर्मन कल्पनेचे नातू आहेत. रायफायझन नावाच्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात जर्मन खेड्यांतल्या शेतकऱ्यांसाठी पतसंस्था काढल्या. गहाण टाकायला काही नाही ना, मग सगळ्यांनी सगळ्यांचे जामीन व्हा, असं तिचं तत्त्व. आपल्याकडे १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तेव्हा खेड्यातल्या संस्थांसाठी हीच अमर्याद जबाबदारी ठेवली होती. साहेबाला वाटलं काहीतरी नवीन आणलं. साखळीजामीनकी इथे आधीपासून होतीच की!

आईच्या कायद्याला आधार शोधावा म्हणून मी काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा तिसरा खंड काढला (१९४६ चा, वाचनालयात या खंडाला माझ्याशिवाय फारसं कुणी हात लावत नाही). आधार मिळाला आणि तोही असा की मी थक्क झालो. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात जामिनाला 'प्रतिभू' म्हटलंय आणि त्याचे तीन प्रकार सांगितलेत. हजर करण्याबद्दल, विश्वासाबद्दल आणि पैसे देण्याबद्दल. म्हणजे आपला हाजिरजामीन आणि मालजामीन दीड हजार वर्षं तरी जुने. पण त्याच्या लगेच आधी एक नियम येतो. भाऊभाऊ, नवराबायको आणि बाप-मुलगा यांनी, कुटुंब विभक्त झालेलं नसेल तोवर, एकमेकांना जामीन राहायचं नाही, एकमेकांना कर्ज द्यायचं नाही आणि एकमेकांचे साक्षीदारही व्हायचं नाही.

का, तर थैली एकच आहे. बापाने मुलाला जामीन राहणं म्हणजे सदऱ्याच्या डाव्या खिशाने उजव्या खिशाची हमी देणं. त्याने धनकोचा काय फायदा? जामीन व्हायला माणूस वेगळा पाहिजे, त्याची गाठ वेगळी पाहिजे. आजचा कायदा बरोबर उलटा चालतो. लेक अठरा वर्षांची झाली की कायद्याच्या दृष्टीने ती वेगळी आणि मी तिऱ्हाईत, म्हणूनच माझ्या सहीला किंमत. आणि घरमालकाच्या डोक्यात मात्र याज्ञवल्क्याचंच अविभक्त कुटुंब असतं. बापाची थैली ती पोरीची थैली, म्हणूनच तर तो बापाची सही मागतो. दोन्हीकडून आपणच सापडतो.

तिथेच पुढे आणखी एक बारकावा आहे. हजर करण्याची किंवा विश्वासाची जामीनकी त्या माणसाबरोबर संपते, पैशाची जामीनकी मुलांकडेही जाते. विज्ञानेश्वराने बाराव्या शतकाच्या सुमारास मिताक्षरेत यावर आणखी काथ्याकूट केलाय आणि इंग्रजी अमदानीत हिंदू कायदा म्हणून तोच कोर्टांत चालला. बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धार्मिक कर्तव्य, हा विचार तर थेट २००५ पर्यंत कायद्यात टिकून होता. त्या वर्षीच्या हिंदू वारसा दुरुस्तीने नव्या कर्जांपुरता तो संपवला. ज्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला, तीच ही. आपल्याकडे चर्चा हक्काची झाली, या दुसऱ्या गोष्टीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

जाता जाता एक गुजराती शब्द. डहाणू-तलासरीकडे गुजराती सहज कानावर पडते, त्यात हमीला 'बांहेधरी' म्हणतात. बाह धरणं. बडोद्याच्या गायकवाडांच्या वचनांना त्यांच्या अरब शिबंदीचे सरदार अशी बांहेधरी देत. १८०२-०३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने शिबंदी काढून टाकली आणि ती बांहेधरी स्वतःकडे घेतली. जामीन राहिलं की कारभारात बोलायचा हक्क आपोआप येतो. कंपनीने तो पुढे कसा वापरला ते आपल्याला माहीत आहे.

पण मला मुळात लिहायचं होतं ते आमच्या इथल्या इतिहासाबद्दल. बोईसरहून तलासरी फार लांब नाही. आज हे दोन्ही पालघर जिल्ह्यात, १ ऑगस्ट २०१४ पासून. त्याआधी सगळं ठाणे. तलासरी १९६० पर्यंत उंबरगाव तालुक्यात होती, पुढे उंबरगाव गुजरातेत गेला आणि तलासरी इकडे राहिली. या पट्ट्यातल्या वारली माणसाकडे गहाण टाकायला काही नव्हतं, कारण जमिनी कधीच बाहेरच्या जमीनदारांच्या नावावर गेल्या होत्या. जामीन राहील असा पतीचा माणूस त्याच्या ओळखीत कुठून असणार? आणि लग्नाला शंभर-दोनशे रुपये तर लागतच. मग तो स्वतःच गहाण पडायचा. पैशांच्या बदल्यात तो मालकाकडे राबायचा आणि लग्न होऊन आली की त्याची बायकोही. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. हिशेब मालकाच्या वहीत, वही मालकाच्या घरात, आणि गड्याला अक्षरओळख नाही. अशा कर्जाला शेवट नसतो. डी. सायमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी आदिवासी भागांचा अहवाल तयार केला, त्यात १९३८ सालीच या वेठीचं वर्णन आहे. म्हणजे सरकारला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक (१९७०, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार) ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं, एवढंच सांगेन. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथे काही वारली गेले होते. मे महिन्यात झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही असं ठरलं. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी जमावावर गोळीबार केला, जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. हे होत असताना इथून थोड्या अंतरावर माझे आजोबा शाळामास्तर होते. घरात याचा उल्लेख मी कधीही ऐकलेला नाही. तेव्हाच्या पांढरपेशांना तो 'तिकडचा दंगा' वाटला असावा.

कायद्याने वेठबिगारी संपायला पुढे तीस वर्षं लागली. ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा झाला. वेठीपोटी असलेलं सगळं कर्ज रद्द. मी हा कायदा यंदा पहिल्यांदा मुळातून वाचला आणि त्याच्या व्याख्येत एक ओळ अशी सापडली की मी लेकीचा मसुदा बाजूला ठेवून तीच पुन्हा वाचत बसलो. ऋणकोने कर्ज फेडलं नाही तर त्याच्या वतीने आपण राबू असं जामीनदाराने धनकोला कबूल करणं, हेसुद्धा या कायद्यात वेठबिगारीच मानलंय आणि त्याला बंदी आहे. कायदा करणाऱ्यांनी हे मुद्दाम लिहिलं याचा अर्थ असे जामीन होते. भावासाठी भाऊ, बापासाठी पोर. मालजामीन नाही, हाजिरजामीन नाही, हातापायांचा जामीन. माझ्या सहीची किंमत फार तर साडेतीन लाख होती.

आणि कायद्याने ते संपलं असंही नाही. वसई तालुक्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी काम सुरू केलं, १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी राहिली, आणि मुक्त करायला वेठबिगार ठाणे जिल्ह्यातच मिळाले. मुंबईच्या लोकलच्या टप्प्यात! त्या दोघांना १९९९ चा अँटी-स्लेव्हरी पुरस्कार मिळाला. आजही दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याची कुटुंबं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. ती उचल कधी आगाऊ मजुरी असते आणि कधी जुनाच दोर, ते भट्टीवाल्यावर ठरतं.

असो. पुण्याच्या फ्लॅटचं काय झालं ते सांगतो, कारण नातेवाईक मंडळी फोन करून विचारतीलच. जळगाव, चिपळूण आणि आम्ही असे तीन बाप फोनवर बोललो. प्रत्येकाने फक्त आपल्या मुलीच्या एक चतुर्थांश वाट्याला जामीन राहायचं आणि तसं करारात लिहायचं ठरलं. मालकही थोडी कुरकुर करून तयार झाले. राहिली लातूरची. तिला वडील नाहीत, आई अंगणवाडी सेविका. मानधनाच्या कागदाला मालक पगारपत्रक मानेनात. मसुद्यातलं ते अजस्र कलम खरं तर याच मुलीसाठी होतं, हे मला तेव्हा उमगलं. तिचा वाटा आम्हा तिघांवर टाकायची ती सोय होती, आणि चतुर्थांशाचा आग्रह धरून आम्ही तिघांनी स्वतःला सोडवताना ती एकटी उघडी पडत होती.

आम्ही तिघांनी तिचा वाटा तिघांत घेऊ, असं मी सुचवलं. आई यावर काय म्हणेल याची धास्ती होती. ती एवढंच म्हणाली, "तिच्या आईला विचारलंस का?" विचारलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही म्हणालात त्यात सगळं आलं. पण पोरीला त्याच घरात तुमच्या पोरींबरोबर राहायचंय. मिंधेपण नको." त्यांनी आपल्या बचतगटातून सोळा हजार उचलले आणि दोन महिन्यांचं जास्तीचं डिपॉझिट भरलं. गटात दहाजणी, कर्जाला गहाण काही नाही, एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्या नऊजणी तिच्या दारात. पुन्हा साखळीजामीनकीच. फरक इतकाच की आम्हाला सही फुकट पडली आणि त्यांना सोळा हजारांवर व्याज.

लेस्टरला असलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला हे सांगितलं तर ती हसली. तिच्या मुलाच्या वेळी तिने असा कागद न कुरकुरता सही केला होता. तिकडे विद्यार्थ्यांच्या घरांना पालकांची गॅरंटी हा नेहमीचा छापील फॉर्म असतो, आणि दुसऱ्याच्या कर्जाची हमी लेखी हवी हा नियम तर १६७७ च्या कायद्याचा, अजून चालू. आपल्याकडून गेलेल्या मुलांना तिथे राहणारा गॅरंटर मिळत नाही, त्यांच्याकडून सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ घेतलं जायचं. इंग्लंडमध्ये २०२५ साली झालेल्या भाडेकरू हक्क कायद्याने खासगी घरमालकांच्या या प्रथेला बंदी घातली आणि महिन्याभराच्या आगाऊ भाड्याची मर्यादा ठेवली. पण मग जामीन नसलेल्या मुलाला घर देतील का, हा बहिणीचा प्रश्न. मला उत्तर सुचलं नाही. आपल्याकडे निदान शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत सरकारचा हमी निधी २०१५ पासून आहे. घरभाड्याला तसं कुणी नाही.

१९७८ सालचा मोतीराम खटला यासंदर्भात वाचण्यासारखा आहे. मध्य प्रदेशातला एक गवंडी. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामिनावर सोडायचा आदेश दिला, पण खालच्या मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याचा भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. पोटासाठी परमुलखात गेलेल्या माणसाने तिथला जामीन आणायचा कुठून, असा त्यांचा रोख होता.

आमच्या बोईसरला हा प्रश्न रोजचा. सरावली, खैरापाडा, पास्थळ, कुठेही जा, चाळीत एका खोलीत पाच-सहा मुलं. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा. मालक आधारची झेरॉक्स घेतात, पोलीस ठाण्याचा फॉर्म भरून घेतात, आणि मग खरा प्रश्न विचारतात, "कोणाच्या ओळखीने आलास?" त्या खोलीत आधीपासून राहणाऱ्या कुणाचं तरी नाव तो सांगतो. कागद नाही, सही नाही. आमच्या मागच्या गल्लीत एक काकू अशा सात खोल्या चालवतात. त्यांना विचारलं, की एखादा भाडं बुडवून पळाला तर? म्हणाल्या, "ज्याने आणला तो भरतो. आजपर्यंत तिघे पळाले, तिन्ही वेळा भरलेत पोरांनी. एकाला तर मीच म्हटलं, राहू दे, निम्मेच दे."